झुल्याची जागा

फुलपात्र लवंडलं आणि फरशीवरून टणटणत चुलीशी जाऊन थांबलं.

हेमलतानं श्वास धरला. कुणी जागं झालं नाही. रविवारची दुपार होती. लढाईपासून तोफांच्या कारखान्याला रविवार उरला नव्हता. तरी नीलकंठला कितीतरी आठवड्यांनी हा एक मिळाला होता, आणि मिळाल्यासरशी त्यानं तो झोपेत घातला होता. पाच वर्षांची बेबी बापाच्या पोटात पाय खुपसून निजली होती. हेमलता सुपात तांदूळ निवडत बसलेली, तेही सापडलेला खडा ताटलीत न टाकता पदरात ठेवत, वाजू नये म्हणून. खोलीच्या मधोमध एक मोठा नकाशा पसरला होता. त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, बेबीची पाटी आणि ते फुलपात्र. कागदाला गुंडाळून राहायची सवय. त्यानं अंग आखडत आखडत फुलपात्राला ढकललं होतं.

तिनं ते उचललं, उडालेला कोपरा दाबायला वाकली, आणि तेव्हा तिला नकाशा दिसला.

नीलकंठ कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होता. अक्षर कोरीव. वर लिहिलं होतं ‘बाल उद्यान’. खाली क्वार्टरांच्या रांगा, पाण्याची टाकी, आणि क्वार्टरांमागचं रान. रानातलं एकेक झाड म्हणजे एकेक वाटोळं. ठेवायच्या झाडाला हिरवा ठिपका, तोडायच्याला लाल फुली. तिनं आपलं क्वार्टर शोधलं, स्वयंपाकघराची खिडकी शोधली आणि तिथून बोट सरळ पुढे नेलं. बोट थांबलं तिथं लाल फुली होती. शेजारी लिहिलं होतं, ‘झूला’.

तिचा महुआ. आपल्याकडचा मोह.

त्या महुआखाली तिचं दुसरं लेकरू होतं.

नाव श्रीरंग ठेवलं होतं, पण हाक बंडूचीच. आणि मोठं नाव वापरायला तो राहिलाच नाही. चीनशी लढाई लागली त्या हिवाळ्यात कारखाना रात्रंदिवस धडधडत होता. माणसं तिथंच डबा खात, तिथंच लवंडत. तसल्या दिवसांत बंडूला ताप चढला आणि उतरला तो त्याला घेऊनच. नीलकंठला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली.

बंडूच्या खालच्या हिरडीवर नुकताच एक पांढरा कण आला होता, तांदळाच्या कणीएवढा. पेज भरवताना तो वाटीवर टिण्ण वाजे, आणि वाजला की बंडू आधी दचके, मग हसे. त्या कणीवरून प्रश्न उभा राहिला. दात आलेल्या मुलाला अग्नी, बिनदाताच्याला माती. निवाडा दिला बाबारावांनी. शेजारच्या क्वार्टरात मुलाकडे राहणारे हे म्हातारे आर्वीकडचे. सारा जन्म याच कारखान्यात झिजवून आता पेन्शनीत होते, आणि वसाहतीतल्या मराठी घरांना बारशापासून तेराव्यापर्यंत त्यांचाच शब्द लागे. त्यांनी बोट घालून हिरडी चाचपली अन् म्हणाले, “कणीले दात नाही म्हणत. मातीचं लेकरू आहे, मातीतच जाऊ द्या.”

नर्मदेवरचा ग्वारीघाट लांब. भोंग्याला बांधलेल्या माणसांना रान जवळ.

रीत अशी की लेकरू घेऊन बाप आणि एक वडीलधारा, दोघंच जातात. एका वाटेनं जातात, दुसरीनं येतात. मीठ घालून पुरतात, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर जड दगड ठेवतात, परत आल्यावर दारातच डोक्यावरून पाणी घेतात. आणि जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर तिचा जीव तिथंच घुटमळतो, आणि पुढचं मूल टिकत नाही.

पण खिडकी कुणी बंद केली नव्हती. नीलकंठच्या हातातलं पांढरं गाठोडं, बाबारावांच्या खांद्यावरचं फावडं, दोन्ही तिनं पाहिली. दोघं महुआच्या बुंध्यामागे गेले आणि दिसेनासे झाले. तिनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं: इथंच. सांगितलं कुणाला नाही. पण तेव्हापासून दोन वर्षं सकाळी दूध चुलीवर ठेवलं की ते वर येईस्तोवर ती महुआकडे पाही. तेवढाच वेळ तिचा. मग दूध वर येई आणि दिवस सुरू होई.

त्या वेळी रान दाट होतं. लढाईनंतर कारखाना वाढला, आणि माणसं कुठून कुठून आली. केरळातून, पंजाबातून, बिहारातून, आपल्या नागपूर-वर्ध्याकडून. एकेका क्वार्टरात दोन दोन बिऱ्हाडं. एवढ्या चुली पेटायच्या तर लाकूड हवं. रानाच्या कडेची झुडपं आधी गेली, मग फांद्या, मग अंधारात कुणीतरी खोडंच नेऊ लागलं. पूर्वी चौकीदार उन्हाळ्याआधी पाला गोळा करी, वाळकं तेवढंच तोडू देई. आता एक चौकीदार आणि हजार चुली, तो तरी कुणाकुणाचा हात धरणार? दर हिवाळ्यात तिच्या खिडकीतून थोडं जास्त लांबचं दिसू लागलं.

आणि गंमत पाहा, बाग हवी असं सगळ्यांत आधी म्हणाली ती हेमलताच. वसाहतीभर पोट्टे झाले होते, आणि खेळायला एकच जागा, रस्ता. एके दिवशी माल भरलेला ट्रक बेबीच्या फ्रॉकला वारा घालून गेला. हेमलता तिला ओढून घेऊन आली, आधी एक थापड मारली, मग कवटाळलं, आणि दुसऱ्या दिवशी महिला समितीत उभी राहून म्हणाली, “हमारे बच्चों को खेलने की जगह चाहिए.” सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांसमोर टाकीजवळचं मैदान होतं. पण मैदानावर नवी क्वार्टरं मंजूर झाली. तेव्हा कारखान्याचे साहेब म्हणाले, मग रानच साफ करून घेऊ. बाग होईल आणि लाकूडचोरीही बंद होईल.

“पाहून राहिली?” नीलकंठ उठून बसला होता.

“झुला इथं काहून?”

“सपाट जागा आहे. शिवाय क्वार्टरांच्या समोर. आया खिडकीतून पोरांवर नजर ठेवतील.”

“महुआ तोडणार?”

“एकच तर आहे तिथं.”

“तिथं नको,” ती म्हणाली. आवाज हळू ठेवला होता, पण हातातलं फुलपात्र पाटीवर वाजत होतं. “कुठंही करा, महुआला हात नका लावू.”

“अगं, काहून पण?”

“तुम्हाला ठाऊक आहे काहून.”

नीलकंठनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली तिच्या पोटाकडे गेली. चौथा सरून पाचवा लागला होता. त्यानं बेबीच्या अंगावरची चादर उगाच नीट केली.

“बरं,” म्हणाला. “पाहतो.”

नवऱ्याच्या ‘पाहतो’वर किती भार टाकायचा हे संसारी बाईला कळतं. दुसऱ्या दिवशी ती बाबारावांकडे गेली. म्हातारा अंगणात उन्हाला पाठ देऊन सुपारी कातरत होता.

“काका, एक विचारू?”

“पैसे सोडून काहीबी विचार.”

“बंडूला... महुआखालीच ना?”

अडकित्ता थांबला. “अशा गोष्टी विचारू नये, पोरी. मी सांगनार नाही, अन् तो बी सांगनार नाही. आमी दोघांनी तोंडावर हात ठेवला आहे.”

“सांगू नका. नुसती मान हलवा.”

बाबारावांनी मान हलवली नाही. पण तिचा चेहरा त्यांच्याच्यानं पाहवला नाही. म्हणाले, “जिथं तुझा जीव मानते, तिथंच समज. जा आता. या दिवसात उन्हात उभी नको राहू.”

तिनं ते ‘हो’ म्हणून घेतलं. जिला ‘हो’च हवं असतं, ती दुसरं काय घेईल?

समितीची बैठक क्लबच्या खोलीत भरली. भिंतीवर नकाशा टांगलेला. साहेब खुशीत होते. पुढच्या बाकावर बाया, मागे बाबू लोक. हेमलताशेजारी नागपूरची पुष्पा बसली होती, जिला कुठल्याही बैठकीत मुरमुऱ्याची पुडी लागे.

हेमलता उभी राहिली. हिंदी तिला बोलायला येई, पण घाबरली की मराठी मध्येच घुसे. “साहेब, वो महुआ मत तोड़िए. सावली... छाया देता है. उसके नीचे माँ लोग बैठेंगी.”

“महुआ के नीचे तो भालू बैठते हैं, बहनजी,” साहेब म्हणाले, आणि खोली हसली.

“भालू भी बैठा तो हमारे घरवालों से कम ही गुर्राएगा,” पुष्पानं बसल्या जागेवरून टोला दिला. आता बायाही हसल्या, आणि साहेबांना हात जोडावे लागले.

“चलो, महुआ रहने दो. नीलकंठ बाबू, झूला कहीं और ले जाओ. ये इधर?” त्यांनी छडी नकाशावर फिरवली आणि महुआच्या बरंच मागे, पूर्वेला, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, एका वाटोळ्यावर टेकवली. त्या वाटोळ्यात हिरवा ठिपका होता.

नीलकंठ उठला. “वहाँ नहीं, साहब.”

“क्यों?”

“वहाँ... पत्थर है. बड़ा.”

“पत्थर?” साहेबांना मजा वाटली. “तोपें ढोते हैं हम लोग, एक पत्थर नहीं हटेगा?”

“साज का पेड़ अच्छा है, साहब. सीधा है. रहने देते तो...”

तो असा अडखळायला लागला की हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी ‘पाहतो’ म्हणायचं आणि इथं चारचौघांत फिरायचं! साज वाचला तर झुला पुन्हा महुआवर येणार, एवढंच तिला दिसत होतं. ती मागे वळली आणि नवऱ्याकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पत्थर का क्या है, हटा देंगे. पेड़ भी एक ही तो है.”

खोलीत टाळ्या पडल्या. “देखो, नीलकंठ बाबू, हाई कमांड का ऑर्डर आ गया,” कुणीतरी मागून ओरडलं.

नीलकंठ बसला. घरी जाताना तो दोन पावलं पुढेच चालला. तिला वाटलं, मानी आहे, चारचौघांत हरला, दोन दिवसांत निवळेल. त्या रात्री त्यानं नवा नकाशा काढला. हिरवा ठिपका खोडायला त्यानं दाढीचं ब्लेड घेतलं होतं, आणि कागद तिथं इतका खरवडला की उजेडासमोर धरला तर आरपार दिसे. झुल्याचे खांब मात्र त्यानं चमत्कारिक लांब लांब ठेवले. साहेबांनी विचारलं, इतना चौड़ा क्यों? तर म्हणाला, पोरं जास्त बसतील.

साफसफाईचं काम नथ्थू ठेकेदाराला मिळालं. कुऱ्हाडी पडू लागल्या, तसं घर हादरे. आधी घाणेरीची जाळी जाळली, वसाहतभर कडवट धूर. मग फुलीची झाडं. महुआच्या बुंध्याला चुना लावून त्यावर ‘न काटें’ लिहिलं होतं. दूध वर येईस्तोवर ती ते पांढरे पट्टे पाही आणि मनात म्हणे, राहिला रे बाबा, राहिलास.

पाडलेल्या साजाखालची जमीन ज्या दिवशी सारखी करायची होती, त्या दिवशी नीलकंठनं रजा काढली. लढाईच्या दिवसांत मूल गेलं तेव्हा ज्याला अर्ध्या दिवसावर भागवावं लागलं, तो जमीन सारखी होते हे पाहायला अख्खा दिवस उन्हात उभा राहिला. नकाशा त्याचा, जबाबदारी त्याची, असं तिनं पुष्पाला सांगितलं, थोडं अभिमानानंच. दिवेलागणीला आला तेव्हा पायांना माती, नखांत माती.

“तुम्ही काय स्वतः फावडं मारून राहिले होते?”

तो आत आला नाही. दारातच उभा राहिला. “पाणी दे.”

“बंब पेटलाय, आत या की न्हाणीत.”

“इथंच दे.”

तिनं बादली दिली. त्यानं ती तशीच, कपड्यांसकट, डोक्यावरून घेतली. बेबी खिदळली, “बाबा पागल झाले!” तीही हसली. धुळीनं माखलेला माणूस, दुसरं काय करणार. बंबात त्या दिवशी लाकूड नवं होतं. सकाळीच नथ्थूचा माणूस दारोदार मोळ्या टाकून गेला होता. मगरीच्या पाठीसारख्या सालीचं, चांगलं कडक लाकूड. छान धगधगलं होतं.

चैत्रात बाग उघडली. महुआ निष्पर्ण होऊन फुलला होता, आणि खाली रसाळ फुलांचा सडा. गोडसर, आंबूस वास. हेमलताचे दिवस भरत आले होते. पुष्पा म्हणाली, अवो बाई, घरी पडून राहा, पण ती गेली. साहेबांनी फीत कापली. पोरांना द्रोणात खोव्याची जिलबी वाटली. रस्त्यावर खेळणारे सगळे पोट्टे, मल्याळी, सरदारांचे, बिहारी, आपले, आता लोखंडी फाटकातून एकमेकांना ढकलत आत शिरले. एवढे लोक, एवढा गलका, आणि तरी तिला वाटलं, बरं झालं. एकट्या रानात होता माझा. आता सोबत आली.

ती महुआजवळ गेली. चुन्याच्या पट्ट्यावर तळहात ठेवला. एक फूल उचललं, पदराच्या गाठीत बांधलं. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच इथवर आली होती. इतके दिवस नुसती खिडकी. बुंध्यामागे वाकून तिनं दगड शोधला. वर जड दगड ठेवतात, तो. महुआखाली दगड नव्हता. नथ्थूच्या माणसांनी उचलला असेल, तिनं मनाला सांगितलं. पण दगड बसलेला असला की जमीन दबते, गवत पांढरं पडतं. इथं जमीन भरीव होती, जुन्या पाल्याच्या थरांनी बांधलेली, कधी कुणी खणलीच नाही अशी. बुंध्यामागून एक जुनी पायवाट मात्र निघाली होती, पुढे, पूर्वेकडे.

तिनं मान वर केली. पायवाट झुल्याकडे जात होती.

झुल्याभोवती पोरांची झुंबड. त्यांना रांगेत लावत नीलकंठ उभा होता. जवळच काठी टेकून बाबाराव. बायकांच्या सँडली, बाबूंचे बूट, पोरांच्या चपला, साऱ्यांनी ती नवी सारखी केलेली माती तुडवून काढली होती. गवताच्या कडेला मात्र दोन जोड ठेवले होते, देवळाबाहेर ठेवतात तसे, नीट, टाचा जुळवून. एक नीलकंठच्या वहाणा. दुसरा बाबारावांचा, टायरच्या तळाचा.

दोघंच अनवाणी होते. जे दोघं गेले होते, तेच दोघं.

हेमलताला कुणी काही सांगितलं नाही. सांगायला काही उरलंच नव्हतं. वहाँ पत्थर है, साहब. हिरवा ठिपका. लांब लांब ठेवलेले खांब, मधल्या मातीत खांबाचा खड्डा पडू नये म्हणून. दारात घेतलेलं पाणी. आणि बंबात धगधगलेली साजाची ती मगरीच्या सालीची लाकडं, ज्यांवर तापलेल्या पाण्यानं तिनं बेबीला न्हाऊ घातलं होतं. पत्थर का क्या है, हटा देंगे. ते तर तिनंच म्हटलं होतं. एका शब्दानं तो तिला थांबवू शकला असता, आणि तो शब्द त्यानं गिळला होता, तिच्या पोटातल्यासाठी.

पोटातलं आत फिरलं. तिनं महुआला धरलं.

नीलकंठनं तिकडून पाहिलं. ती कुठं पाहते आहे ते पाहिलं. त्याचा हात झुल्याच्या साखळीवर तसाच राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यालाही कळलं. दोघांच्या मध्ये पोरं झोके घेत होती, वर, खाली, वर, आणि साखळी करकरत होती.

गर्दीतून बेबी धावत आली. बोटांना जिलबीचा पाक, नव्या लाल चपला कधीच धुळीनं भरलेल्या. तिचा नंबर लागला होता. तिनं आईचा पदर ओढला, एकदा बापाच्या पायांकडे बोट केलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं.

“आई,” तिनं विचारलं, “मी पण काढू का चपला?”